प्रमाणित केळे

लातूरच्या शिवानी कोरेला चित्र काढता येते, ही गोष्ट तिच्या घरच्यांना क्लासच्या फोनवरून कळली. फोन नववीच्या फाउंडेशन बॅचच्या समुपदेशक बाईंचा होता. पोरीला ताप चढलाय हे सांगताना आवाज जसा ठेवतात, तसा त्यांनी ठेवला होता. "घाबरू नका," त्या म्हणाल्या, "पण आज पालकांपैकी कुणीतरी येऊन जा."

गेले ते वडील, माणिकप्पा कोरे. माणिकप्पांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. मूळचे ते उदगीरकडचे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्यांना नुकतेच मिसरूड फुटत होते आणि ते वडिलांच्या हाताखाली तात्पुरत्या निवाऱ्यांसाठी पत्रे विकत होते. पत्र्यांची मागणी ओसरली तोवर गावोगावची पोरे डॉक्टर व्हायला लातुरात येऊ लागली आणि माणिकप्पांनी वसतिगृहांसाठी लोखंडी पलंग करायला घेतले. एका खोलीत जास्तीत जास्त माणसे कशी झोपवायची, याचा विचार लातूरला दोन वेळा करावा लागला, आणि दोन्ही वेळा तो कोरे घराण्याने केला. त्यामुळे शहराच्या शिक्षणक्षेत्राशी आपले जवळचे नाते आहे असे माणिकप्पा मानत, आणि त्यात काही खोटे नव्हते.

समुपदेशक बाईंनी त्यांना वर्गात नेऊन एक बाक दाखवला. बाकावर जीवशास्त्राचे सर होते. पेनने काढलेले, हुबेहूब. एक हात फळ्याकडे, दुसरा खिशातल्या मोबाइलवर, आणि डोळ्यांत जेवणाच्या सुट्टीची ओढ.

माणिकप्पांनी बराच वेळ निरखून पाहिले. "सरच हायत," ते म्हणाले.

"तोच तर प्रॉब्लेम आहे," बाई म्हणाल्या. "मुलीचा कल दिसतोय."

"कल म्हंजे?"

"आवड."

"कधीपासून आसल?"

"लहानपणापासूनच असणार. पालकांच्या उशिरा लक्षात येतं."

दुसरा एखादा बाप असता तर घरी जाऊन त्याने रंगपेटी नाल्यात टाकली असती. माणिकप्पा तसे नव्हते. काळ बदलला आहे हे त्यांना मान्य होते आणि आपण काळाच्या थोडे पुढेच असावे अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी शिवानीला समोर बसवले. ती मार खायच्या तयारीने बसली. दारात तिची आई उमाबाई आणि माणिकप्पांची आई सिद्धम्मा, दोघी मध्ये पडायच्या तयारीने उभ्या होत्या.

"चित्रं तर चित्रं," माणिकप्पा म्हणाले. "आपली काही हरकत न्हाई. पण जे करायचं ते पद्धतशीर."

शिवानीला रडूच फुटले. तिने वडिलांच्या गळ्यात हात टाकले, जे तिने पाचवीनंतर केले नव्हते. ती इतकी खूश झाली की त्या वाक्यातला शेवटचा शब्द तिला ऐकूच आला नाही.

माणिकप्पांनी चौकशी केली. चित्रकलेलाही पुढे मोठमोठी कॉलेजे असतात, त्यांना प्रवेश परीक्षा असते, आणि हल्ली नुसते हाताने काढून भागत नाही, कॉम्प्युटरवर रंगवावे लागते, कॉम्प्युटरमध्येच मूर्तीसारख्या वस्तू घडवाव्या लागतात, ही माहिती त्यांना मिळाली. परीक्षा आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. आता प्रश्न मास्तरांचा होता. त्यांना व्यंकटी सर सापडले.

व्यंकटी सर धर्माबादचे. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. तेव्हा सरांनी चिडचिड न करता कॉम्प्युटर शिकून घेतला. भावाच्या घराजवळ म्हणून लातुरात एक खोली घेऊन ते तिथे स्वतःपुरते रंगवत बसत. बोलताना शब्दाच्या शेवटी तेलुगू हेल यायचा. शिष्य एकही नव्हता, आणि त्याचे त्यांना दुःखही नव्हते.

पहिल्या दिवशी सरांनी अर्धापूरच्या केळ्यांची एक फणी शिवानीपुढे ठेवली आणि म्हणाले, "बघ."

शिवानी बघत बसली. दुसऱ्या दिवशीही सर म्हणाले, "बघ." केळ्यांवर काळे ठिपके आले, देठ सुकले, तरी ती बघतच होती. मग एक दिवस तिने आपणहून पेन्सिल उचलली. ती घरी आली तेव्हा तिच्या बोटांना पेन्सिलचे शिसे आणि चेहऱ्याला हसू लागले होते. उमाबाईंनी भाजीला आणलेला भोपळा चिरण्याआधी तिने तो इतका वेळ न्याहाळला की त्या दिवशी भाजीला उशीर झाला.

महिनाअखेरीस माणिकप्पा प्रगती विचारायला गेले.

"पोर्शन किती झाला, सर?"

"डोळे उघडलेत, अप्पा," व्यंकटी सर म्हणाले.

"किती टक्के?"

सरांनी विचार केला. अप्पांना दुखवायची त्यांची इच्छा नव्हती. "आता केळं काढलं तर सोलावं वाटतं," ते म्हणाले.

"ते बरंय. पण रँक?"

"रँक म्हंजे ती एकटीच हाय, अप्पा."

"म्हंजे पहिली."

"पहिली म्हणा."

माणिकप्पा घरी आले ते खट्टू होऊन. एकातून पहिली येणे ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. पोरीला कुणीतरी मागे टाकायला हवे होते. बापाचे कर्तव्य म्हणून त्यांनी ओळखीतली पोरे गोळा केली. पलंगाच्या व्यवहारामुळे वसतिगृहवाले सगळे ओळखीचे होते. त्यांनी आपापल्याकडची, मेडिकलच्या चाचण्यांत मागे पडलेली पोरे पाठवून दिली. पोरांना चित्रकलेची आवड नव्हती, पण ती अट नव्हतीच. व्यंकटी सरांची खोली पुरेना. माणिकप्पांनी दुकानावरचा मजला दिला, पलंगाच्याच नळ्यांचे बाक करवले आणि दारावर पाटी लावली: सरळरेषा अकॅडमी. खाली बारीक अक्षरात, 'चित्रकला, डिजिटल पेंटिंग आणि मॉडेलिंग. निकालाची परंपरा.' परंपरा अजून सुरू व्हायची होती, पण पाटी रंगवायची तर एकदाच रंगवावी, असे माणिकप्पांचे मत होते. ती पाटी व्यंकटी सरांनीच रंगवली. तेवढ्या वेळापुरते ते आनंदात दिसले.

'मॉडेलिंग' या शब्दावरून सिद्धम्मा दोन दिवस जेवल्या नाहीत. नात तोकडे कपडे घालून लोकांसमोर चालणार, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. शिवानीने त्यांना कॉम्प्युटरवर स्वतः घडवलेला तांब्या दाखवला, तो पडद्यावर गरागरा फिरवून दाखवला, आतून पोकळ करून दाखवला. सिद्धम्मांनी चष्मा लावून पाहिले. "तांब्याच हाय की," त्या म्हणाल्या. "मग त्याला येवढं नाव कशाला दिलं?" आणि त्या जेवायला बसल्या. तोवर ही बातमी उदगीरपर्यंत गेली होती आणि तिथल्या दोन-तीन घरांनी आपल्याही पोरींना मॉडेलिंगला घालायचे ठरवले होते. त्या आल्या, तांब्या पाहून थोड्या हिरमुसल्या, आणि बॅच भरली.

बॅच भरली तशी आठवड्याची चाचणी सुरू झाली. चाचणी म्हटले की तपासणी आली, आणि इथे पहिली अडचण उभी राहिली. प्रत्येक पोराचे केळे वेगळे येत होते. व्यंकटी सर सगळ्यांच्या पाठीवर हात फिरवून म्हणत, "छान, तुझं तुझ्यासारखं आलंय." एका पालकाने लेखी विचारणा केली की माझ्या मुलाचे त्याच्यासारखे आले असेल, तर त्याला किती गुण, आणि शेजारच्याचे शेजारच्यासारखे आले असून त्याला जास्त का. विचारणा रास्त होती. माणिकप्पांनी सरांना बसवून घेतले.

"सर, एक आदर्श केळं ठरवून टाका. उत्तरपत्रिकेसारखं. त्याच्याशी जुळलं की मार्क."

"तसं केळं नसतंय, अप्पा."

"नसतंय म्हणून तर ठरवायचं."

अशा रीतीने प्रमाणित फणी अस्तित्वात आली. तिला नऊ केळी, डावीकडे वाक, उजेड उजवीकडून, काळे ठिपके नाहीत. आदर्श उत्तर भिंतीवर लागले आणि खरी केळी आणणे बंद झाले. ती नासत होती आणि पोरे ती पाहून गोंधळत होती. निकाल सुधारले. पुढे पोरांची संख्या वाढल्यावर काढलेली चित्रे तपासायला वेळ पुरेना, तेव्हा बहुपर्यायी प्रश्न आले. 'खालीलपैकी केळे कोणते?' चार पर्याय, एक गोल काळा करायचा. गोल काळा करण्यात शेडिंगचाही सराव होतो, असे माहितीपत्रकात नमूद केले होते.

डिजिटल पेंटिंगला तर शिस्त अधिकच कडक. कॉम्प्युटरवर चुकलेली रेघ मागे घेता येते, हे माणिकप्पांना कळले तेव्हा त्यांना ती उघड उघड कॉपी वाटली. जितक्या वेळा रेघ मागे घ्याल तितके गुण वजा, असा नियम झाला. त्यामुळे पोरे एक रेघ मारत आणि तिच्याकडे पाहत बसत. मॉडेलिंगमध्ये मात्र एक गोष्ट माणिकप्पांना फार आवडली. वस्तू घडवून झाली की कॉम्प्युटर तिचे चित्र तयार करायला तासन्‌तास एकटाच राबतो. "पोरगं जेवायला गेलं तरी मशिनचा अभ्यास चालू हाय," ते पालकांना दाखवत. पालक त्या बंद न होणाऱ्या कॉम्प्युटरकडे डोळे भरून पाहत आणि आपल्या पोराकडे वळून म्हणत, "शीक काहीतरी त्याच्याकडून."

या सगळ्यात शिवानी कशी होती? ती पहिली यायची, कधी तिसरी. तिसरी आली की घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. पण अजून ती काढत होती. डाळीच्या डब्यांवर सिद्धम्मांचे नाक काढायची, फ्रिजच्या खोक्यावर बसस्टँडवरचे लोक काढायची. एकदा तिने जेवता जेवता विचारले, "अप्पा, आपण कधी खरी केळी आणणार परत?"

"आता लई पुढं गेलाव आपण, बाई," माणिकप्पा मायेने म्हणाले.

सरळरेषाचे नाव झाले तसे नांदेडला एका गृहस्थांनी वक्ररेषा अकॅडमी काढली. त्यांच्या प्रमाणित फणीला दहा केळी होती. लातूरच्या पालकांत खळबळ उडाली. एक केळे जास्त शिकलेली पोरे पुढे जाणार हे उघड होते. दोन्ही अकॅडम्यांनी पत्रके काढली, प्रकरण हातघाईवर यायला लागले, तेव्हा जाणत्या लोकांनी एक संयुक्त समिती नेमून दिली. समिती जीप घेऊन अर्धापूरला गेली आणि तिने थेट बागेत उभे राहून फण्या तपासल्या. अहवालाचा सारांश असा होता: सदर बागांमधील फण्यांत केळ्यांची संख्या, वाक व आकार यांत एकवाक्यता आढळत नाही. फण्यांवर ठिपकेही आढळतात. सबब सदर फण्या अभ्यासक्रमाबाहेरच्या समजण्यात याव्यात. अहवाल दोन्ही बाजूंना मान्य झाला. समितीने येताना तीच केळी खाल्ली, याची नोंद अहवालात नाही.

मग आली मोठी सराव परीक्षा. त्या दिवशी सरळरेषाचा वरचा मजला गच्च भरला होता. पुढच्या टेबलावर संचालक म्हणून माणिकप्पा स्वतः बसले होते, शेजारी मागच्या पेपरांचे गठ्ठे. व्यंकटी सर खिडकीपाशी उभे. आता त्यांच्याकडे शिकवण्याचे काम फारसे नव्हते, पण विभागप्रमुख म्हणून त्यांना खुर्ची मिळाली होती आणि तिच्यावर ते बसत नसत. पेपर सुरू झाला. सगळा वर्ग नऊ केळी काढू लागला.

पेपर निम्म्यावर आला असताना जमीन हलली.

धक्का सौम्य होता, असे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले. पण लातूरच्या माणसाला सौम्य धक्का नसतो. आधी खालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला, मग लांब दांडीचा पंखा लोलकासारखा झुलू लागला. पुढच्या बाकावरची दोन पोरे उठली, त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि ती परत बसली, कारण वेळ चालू होता. कुणी एका हाताने बाक धरला आणि दुसऱ्या हाताने केळे पूर्ण केले. व्यंकटी सर ओरडत होते, "बाहेर चला, बाळांनो, बाहेर," आणि कुणीतरी विचारत होते, "सर, टाइम वाढवून मिळणार का?" मग हलायचे थांबले. सगळे मिळून ते फार थोडा वेळ चालले असेल.

टेबलाखालून माणिकप्पा बाहेर आले. चेहरा पांढरा पडला होता, शर्टाला धूळ लागली होती. "पेपर सुरक्षित हायत," ते म्हणाले.

परीक्षेवरून मोठा वाद झाला. थरथरीमुळे केळ्यांच्या कडा नागमोडी आल्या होत्या आणि त्याचे गुण कापले जाऊ नयेत यासाठी पालकांनी अकॅडमीवर मोर्चा आणला. सरसकट बोनस गुण देण्याचे ठरले. मग उलटी शंका निघाली. ज्यांच्या रेषा भूकंपातही सरळ आल्या, त्यांनी चित्र आधीच काढून आणले होते की काय? अशा पोरांची सुनावणी घेण्यात आली. एक मुलगा रडत रडत म्हणाला की मला धक्का जाणवलाच नाही. त्याची एकाग्रता पाहून त्याला विशेष पारितोषिक देण्यात आले.

या गडबडीत एक पेपर कुठल्याच रकान्यात बसेना. तो व्यंकटी सर स्वतः घेऊन आले आणि त्यांनी तो माणिकप्पांच्या टेबलावर उघडून ठेवला. पेपर शिवानीचा होता.

काढलेली केळी तिने खोडून टाकली होती, आता त्यात एकही केळे नव्हते. त्यात ती खोली होती. तिरका झुललेला पंखा होता, पेल्यातल्या पाण्यावरची वलये होती, बाकाला आवळलेली बोटे होती. घड्याळाकडे वळलेले पोरांचे चेहरे होते. हात पसरून उभे असलेले सर होते. आणि मधोमध, टेबलाखाली, एक माणूस होता. गुडघे छातीशी घेतलेला, डोळे विस्फारलेला. त्याने दोन्ही हातांनी पेपरांचा गठ्ठा पोटाशी धरला होता.

माणिकप्पांनी त्या माणसाकडे पाहिले. मिसरूड फुटत असताना, पत्र्यांच्या गाडीवर बसून, त्यांनी असे डोळे पुष्कळ पाहिले होते. आपल्याला असे डोळे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, जी चित्रात नव्हती. हे सगळे ज्या जागेवरून दिसते त्या जागी पोरगी उभी होती, छताखाली, एकटी, आणि बापाच्या हातात गठ्ठा होता.

"आजवरचं तिचं सगळ्यात चांगलं काम हाय हे, अप्पा," व्यंकटी सर हळू म्हणाले. "मला आसं काढता येत न्हाई."

माणिकप्पांनी पेपर उलटून पाहिला, मागची बाजू कोरी होती. मग त्यांनी घसा साफ केला.

"केळं कुठंय, सर?"

"न्हाई."

"मालकाच्या पोरीला सूट दिली म्हणंल गाव."

"म्हणंल."

"मग?"

व्यंकटी सर खिडकीकडे वळले. माणिकप्पांनी लाल पेन उचलले. अभ्यासक्रमाबाहेरील उत्तर, असा शेरा मारून त्यांनी शून्य दिले. स्वतःच्या मुलीला शून्य देणारा निःपक्षपाती संचालक म्हणून स्थानिक पेपरात त्यांचा फोटो आला. पुढच्या बॅचला जागा उरली नाही.

शिवानीने शून्याबद्दल एक अक्षर काढले नाही. तिने फक्त विचारले, "अप्पा, ते चित्र परत मिळंल का?" पेपर परत न देण्याचा नियम होता. नियम तिच्याच बापाने केला होता आणि तो सगळ्यांना सारखा होता.

व्यंकटी सर उन्हाळ्यात धर्माबादला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या सरांना चित्र काढता येत नव्हते, त्यामुळे तासाला वेळ वाया जात नसे.

पुढच्या परीक्षेत शिवानीने नऊ केळी काढली. वाक डावीकडे, उजेड उजवीकडून. ती पहिली आली, आणि मग पहिलीच येत राहिली. चौकात तिचा फोटो लागला. नातेवाइकांनी पेढे मागितले. माणिकप्पांना जे हवे होते ते सगळे मिळाले आणि ते रोज दुकानात जाताना मुद्दाम चौकावरून जाऊ लागले.

"पोरगी आता डब्यावर, खोक्यावर, कशावरच काही काढंना," एक दिवस उमाबाई म्हणाल्या.

"सुधारली," माणिकप्पा म्हणाले.

"हाव, सुधारली," उमाबाई म्हणाल्या. दूध नासले हे सांगताना त्यांचा आवाज असाच असायचा.

ते वाक्य माणिकप्पांच्या कानात राहिले. ते पोरीकडे लक्ष ठेवू लागले, आणि लक्ष ठेवल्यावर व्हायचे तेच झाले: संशय आला. रविवारी दुपारी, सगळे लवंडले की शिवानी गच्चीवर जात होती. विचारले तर म्हणे, शेडिंगचा सराव. उन्हात कुणी शेडिंग करत नाही, एवढे संचालकाला कळत होते. मोबाइल असेल. कुणी मुलगा असेल. चांगल्या रँकची पोर हातची जाते की काय, या धास्तीने एका रविवारी ते चपला हातात घेऊन जिना चढले.

शिवानी पाण्याच्या टाकीच्या सावलीत उकिडवी बसली होती. टाकीशेजारी ठेवलेल्या एका हलक्या लोखंडी स्टँडला तिने दोऱ्यांनी नट बांधून सोडले होते, एक लांब, एक आखूड, एक त्याहून आखूड. बाजूला कव्हर फाटलेले भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडे पडले होते. ती स्टँडला हाताने हलकासा झोका द्यायची आणि कुठला नट हलतो ते पाहायची. वडिलांना पाहताच तिने पुस्तक ओढणीखाली लपवले.

"काय करून राहिलीस?"

"काही न्हाई, अप्पा. शेडिंग."

माणिकप्पांनी नटांकडे पाहिले, मग तिच्याकडे. तिच्या बोटांना गंज लागला होता.

"हे परीक्षेला हाय का?"

"न्हाई."

"मग?"

ती एक नट बोटांत फिरवत राहिली. मग एकदम बोलू लागली. "त्या दिवशी पंखा लई झुलला, अप्पा. पण त्याच्या बाजूचा आखूड वायरचा बल्ब व्हता ना, तो जरासुदीक हलला न्हाई. घर येकच, धक्का येकच. मग आसं कामून? मी तवापासून त्याच्याच मागं हाय. हे बघा, मी हळू हलवलं की हा लांबचा हलतो, बाकीचे गप. जोरात भराभर हलवलं की आखूडवाला नाचतो. प्रत्येकाची चाल येगळी हाय. आपली चाल आली की तो उठतो." ती थांबली. "आसंच बघून राहिले. बरं वाटतं."

माणिकप्पा टाकीला टेकून खाली बसले. त्यांच्या लेकीचा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला होता, ते आठवायला त्यांना वेळ लागला. तोंडाशी नेहमीचाच एक प्रश्न आला होता, अगदी जिभेवर, आणि तो कुठला हे तिलाही कळले असावे, कारण तिने पुस्तक ओढणीखाली आणखी आत सारले. माणिकप्पांनी प्रश्न गिळला. तो गिळायला त्यांना भूकंपापेक्षा जास्त त्रास झाला.

"मला हलवू दे येकदा," ते म्हणाले.

तिने स्टँडची एक बाजू त्यांना दिली. त्यांना लांबचा नट हलवता येईना, सारखे तिन्ही हलत. ती हसू लागली. "तुम्ही लई घाई करताव, अप्पा," ती म्हणाली. "थांबून बघा आधी."

तेवढ्यात खालून अकॅडमीच्या मॅनेजरची हाक आली. पालक घरी भेटायला आले होते, शिवानी दिवसभर काय करते ते त्यांना समजून घ्यायचे होते. जमल्यास प्रत्यक्ष पाहायचेही होते. पायऱ्यांवर पावले वाजू लागली. माणिकप्पा उठले, घाईघाईने जिन्याच्या तोंडाशी गेले आणि दार अर्धे लोटून उभे राहिले.

"शेडिंग चालू हाय," ते खाली वाकून म्हणाले. "कोणी वर येऊ नका." मग त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि परत येऊन आखूड दोरीवाल्या नटासमोर मांडी घालून बसले.

ही हकीकत लातुरात आणि नांदेडातही बऱ्याच घरांत सांगून झाली आहे. लोक मन लावून ऐकतात. केळ्यांच्या समितीला हसतात, शून्यापाशी हळहळतात, आणि पुष्कळांचे डोळे गच्चीवर पाणावतात. मग कुणीतरी चहाचा कप खाली ठेवून विचारते की पोरगी हुशार दिसते, शेवटी रँक किती आली तिची?

हसू नका. तुम्हालाही तेच विचारायचे होते. तुम्ही फक्त गोष्ट संपायची वाट पाहत होता.